तासभर मागे

१

गेशे ब्रोडरसेनला चिखलाची भीती कधी वाटली नाही. तिला भीती वाटायची ती सूचनापुस्तिकांची. मुलीनं पाठवलेल्या काडेपेटीएवढ्या जीपीएस यंत्राबरोबर घड्या घातलेला एक लांबलचक कागद आला होता, आणि तो वाचताना तिच्या कपाळाला तशाच घड्या पडल्या होत्या.

"आई, अगदी सोपं आहे," इंकेन फोनवर म्हणाली. "घराबाहेर ये. मोकळ्या आभाळाखाली उभी राहा. दिवा हिरवा झाला की खिशात टाक आणि चाल. घरी आलीस की बंद कर आणि संगणकाला जोड. तू चाललीस ती वाट नकाशावर रेघ होऊन दिसेल. तुलाही आणि इथे मलाही."

"आणि फोटो?"

"फोटो पुढच्या आठवड्यात शिकवते. आधी रेघ जमू दे."

टाडेनोग हे बेट भरतीच्या रेषेपेक्षा जेमतेम हातभर उंच. बांध नाही, झाड नाही. गवत, मेंढ्या आणि मातीच्या दोन उंचवट्यांवर दोन घरं, एवढाच पसारा. ओहोटीला समुद्र क्षितिजापर्यंत मागे सरतो, मग उघड्या पडलेल्या गाळावरून मुख्य भूमीच्या दिशेनं चालता येतं. वाट कळावी म्हणून काटक्यांच्या जुड्या रोवलेल्या असतात, अंगणात उलटे झाडू खोचावेत तशा. त्या जुड्या कुठे मोडल्या, कुठे वाहून गेल्या, हे किनारा कार्यालयाला कळवायचं काम ब्रोडरसेनांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. गेशेचा नवरा मोम्मे हे सगळं तोंडी सांगायचा. आता कार्यालयाला प्रत्येक जुडीचा फोटो हवा होता, आणि तोही नकाशावर टाचलेला.

मोम्मे दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात याच गाळात गेला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच चालायला निघाला होता. ज्या माणसानं उभा जन्म भरती-ओहोटीची वेळ चुकवली नाही, तो त्या दिवशी तासभर उशिरा निघाला आणि गाळातून वाहणाऱ्या मोठ्या चराजवळ पाण्यानं त्याला गाठलं. देह मिळालाच नाही. गेशेला दुःख होतंच, पण त्याहून जास्त तो एक तास तिच्या घशात अडकून बसला होता. मोम्मे चुकलाच कसा?

इंकेनला हा प्रश्न पडत नव्हता. तिला आई हवी होती, आणि तिनं अट घातली होती. "रेघ काटक्यांवरून सरळ गेली तर खुशाल बेटावर राहा. ज्या दिवशी भरकटली, त्या दिवशी सामान बांधायचं आणि मुख्य भूमीवर हूझुमला माझ्याकडे यायचं. तिथे वाद चालणार नाही."

गेशेनं अट मान्य केली. या घराबाहेर आपण आठवडाभरही जगणार नाही, अशी तिची खात्री होती.

२

रेघ जमली. गेशेला स्वतःचं फार कौतुक वाटलं. संगणकाच्या पडद्यावर निळ्या धाग्यासारखी तिची वाट उमटायची, घरापासून मोठ्या चरापर्यंत आणि परत. काटक्यांच्या रांगेवरून केसभरही हलायची नाही. "शाळेत मला चित्रकलेत शून्य मिळायचं," असं ती मेंढ्यांना सांगायची. दुसरं कोणी ऐकायलाही नव्हतं.

चालायला जाताना ती मोम्मेचा मेणकापडाचा कोट घालायची. तो तिला गुडघ्याखाली यायचा, पण आतून लोकरीचा होता. परत आली की दाराआतल्या बोळात तो खुंटीवर अडकवायची, खिशातलं यंत्र बंद करायची आणि चहा टाकायची. कपात आधी खडीसाखर, वर कडकडीत चहा. साखर तडकल्याचा तो आवाज दिवसभरातला घरातला पहिला आवाज असायचा.

एका गुरुवारी ती यंत्र बंद करायला विसरली.

संध्याकाळी जेवण आटोपून तिनं ते संगणकाला जोडलं. तिची रेघ नेहमीसारखी गेली आणि घरी आली. पण तिथे थांबली नाही. घरापासून पट्टीनं ओढावी तशी एक सरळ रेघ थेट मोठ्या चरात गेली होती. आणि तिथून दुसरी एक वाट सुरू झाली होती. काटक्यांच्या कडेकडेनं, सावकाश, घराच्या दिशेनं. अर्ध्या वाटेवर ती संपत होती.

गेशेनं चष्मा पुसला. रेघ तशीच राहिली.

फोन वाजला. इंकेननंही नकाशा पाहिला होता. "आई, तू परत कशाला गेलीस? पाणी चढत होतं तेव्हा!"

"कुठे गेले? मी चहा पीत होते."

"ही दुसरी रेघ दिसतेय ना?"

"ती तुझ्या यंत्राची करामत. मी कोट खुंटीला लावला आणि हे बंद करायला विसरले, एवढंच."

इंकेन समजुतीच्या सुरात म्हणाली, "घरात असलं की सिग्नल तुटतो, मग ते मधेच उड्या मारतं. ती सरळ रेघ म्हणजे उडी. ते कळतं मला. पण उडी मारल्यावर ठिपके वेडेवाकडे पडतात गं, गिरगोटा होतो. हे कोणीतरी चाललंय."

"मग तो कोट चालला असेल," गेशे म्हणाली.

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर गेशेनं बोळातला दिवा लावला आणि कोटाकडे पाहिलं. कोट खुंटीवर होता. तिनं खालचा काठ चाचपला. तो ओला होता. सकाळी गाळातलं पाणी ओलांडताना भिजला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते अगदी शक्य होतं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं आठवणीनं यंत्र बंद केलं. रेघ घरी आली आणि संपली. गेशेला हायसं वाटलं. पण इंकेनचा फोन आलाच.

"आज लगेच बंद केलंस?"

"तूच सांगितलं होतंस ना, घरी आल्यावर बंद कर म्हणून?"

"सांगितलं होतं. पण आई, तू माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

आता काय म्हणावं या पोरीला? चालू ठेवलं तरी संशय, बंद केलं तरी संशय. गेशेला राग आला, आणि रागाच्या भरात तिनं शनिवारी यंत्र मुद्दाम चालू ठेवलं. होऊ दे काय व्हायचं ते. गिरगोटा होईल आणि पोरीचं तोंड बंद होईल.

गिरगोटा झाला नाही. चरातून निघालेली वाट या वेळी अर्ध्यावर थांबली नव्हती. ती गवताच्या काठापर्यंत आली होती.

रविवारी नोम्मेन मासे घेऊन आला. दुसऱ्या उंचवट्यावर राहणारा हा म्हातारा बेटावरची एकुलती एक बोट चालवायचा. त्याची बडबड ऐकून समुद्रच मागे सरतो, असं मोम्मे म्हणायचा. आज मात्र तो दारातच घुटमळत राहिला.

"गेशे, एक विचारू? रागावू नकोस."

"तू विचारलंस आणि मी रागावले नाही, असं कधी झालंय का?"

तो हसला नाही. "काल कुठे गेली होतीस? पाणी चढत होतं. बोटीवरून मी हाका मारल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

"मला पाहिलंस?"

"तुला म्हणजे, तुझा कोट. पाठमोरा." त्यानं बोळात खुंटीकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. "घोट्यापर्यंत पाण्यात होतीस. घराकडे येत होतीस, पण चालत होतीस कशी, तर मापून मापून. गुडघा दुखतो तेव्हा चालतात तशी."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत, नोम्मेन."

"तेच तर," तो म्हणाला, आणि मासे ओट्यावर ठेवून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

गेशे ओट्याशी बराच वेळ उभी होती. आपण खरंच जात असू का? जाऊन येत असू, आणि विसरत असू? तिची आत्या अशीच शेवटी नाइटगाउनवर गवतात फिरायची आणि हसून म्हणायची, मी तर अंथरुणातच होते. गेशेला रडू आलं. मन जाणार की घर, एवढाच प्रश्न उरला होता, आणि या दोन्ही गोष्टी एकदमच जातील असं तिला दिसत होतं.

त्या दुपारी इंकेनचा निरोप आला. बुधवारी नोम्मेनच्या बोटीनं ती आईला न्यायला येणार होती.

४

पण गेशे ब्रोडरसेन सहजासहजी हार मानणारी बाई नव्हती. तिनं फोन फिरवला. "तू मला फोटो शिकवणार होतीस. आत्ता शिकव."

"आई, आता कशाला?"

"शिकव म्हणते ना!"

युक्ती साधी होती. प्रत्येक फोटोवर तो काढल्याची वेळ नोंदलेली असते. यंत्राच्या प्रत्येक ठिपक्यावरही असते. संगणक दोन्ही वेळा जुळवतो आणि फोटो रेघेवर योग्य जागी टाचतो. गेशेनं ठरवलं, चालून घरी यायचं, कोट खुंटीला लावायचा, यंत्र चालू ठेवायचं आणि स्वयंपाकघरात बसून फोटो काढत राहायचं. किटलीचा, खिडकीचा, आपल्या पायांचा. मग नकाशाच सांगेल, त्या वेळी आपण कुठे होतो ते.

कपाटातून तिनं मोम्मेचा कॅमेरा काढला. मोम्मेच्या शेवटच्या दिवशी तो घरीच राहिला होता. सोमवारी तिनं तसंच केलं. फोटो काढताना बोळातून कसलाही आवाज आला नाही. म्हणजे एकदा दाराबाहेरच्या लोखंडी पट्टीवर बूट घासल्यासारखा आला, पण दारापाशी मेंढ्या अंग घासतातच. ती जागची उठली नाही.

संगणकानं फोटो टाचले आणि फोनवर इंकेनला हसू आवरेना. "आई, तुझी किटली भर समुद्रात आहे!"

खरंच होतं. किटली, खिडकी, गेशेचे लोकरी मोजे, सगळे गाळात, ती स्वतः तासाभरापूर्वी जिथे चालत होती तिथे.

"कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय," इंकेन म्हणाली. "सगळ्यांचंच होतं सुरुवातीला. आता असं कर, यंत्राच्या पडद्यावर वेळ दिसते ना? त्या कॅमेऱ्यानं त्या वेळेचाच एक फोटो काढ. दोन्हींतला फरक किती ते कळेल आणि संगणक सगळे फोटो तेवढे सरकवेल."

गेशेनं फोटो काढला. फरक बरोबर एका तासाचा निघाला. इंकेननं तिकडून तो आकडा भरला आणि फोटो नकाशावर सरकले.

ते घरात आले नाहीत. किटली मोठ्या चराच्या काठावर गेली. खिडकी त्याच्या पुढच्या जुडीवर. मोजे गवतात. एकामागोमाग एक, त्या दुसऱ्या वाटेवर, घराकडे येत. शेवटचा फोटो दाराबाहेर होता, बूट घासायच्या पट्टीपाशी.

आता कोणी हसलं नाही.

"फोटोत तर स्वयंपाकघर आहे," इंकेन हळूच म्हणाली. "म्हणजे तू घरात होतीस. मग यंत्र... आई, थांब. बरोबर एक तास?" आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखी, "हो, बाबांचा कॅमेरा आहे तो. उन्हाळ्यात सगळे सरकारी नियमाप्रमाणे घड्याळ तासभर पुढे करतात, बाबांनी कुठलंच कधी केलं नाही. समुद्राला सरकारी वेळ कळत नाही म्हणायचे. बारा महिने हिवाळी वेळ."

"हो," गेशे म्हणाली. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

भिंतीवर भरती-ओहोटीचं कॅलेंडर होतं, दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरावर थांबलेलं. वर सीलच्या पिल्लाचा फोटो. मोम्मे इस्पितळात असताना इंकेन आठवडाभर राहायला आली होती. तिनं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं होतं, बंदर कचेरीचा भरती-ओहोटीचा जुना कळकट तक्ता काढून टाकला होता आणि बाबांना आवडेल म्हणून हे रंगीत कॅलेंडर लावलं होतं. गेशेनं ते हजारदा पाहिलं असेल. तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आज पहिल्यांदा वाचलं. पाहुण्यांच्या सोयीसाठी सर्व वेळा उन्हाळी वेळेनुसार.

जुन्या तक्त्यात हिवाळी वेळ असायची. मोम्मेच्या मनगटावरही हिवाळीच. कॅलेंडर पाहून, आपल्या घड्याळाप्रमाणे, अगदी वेळेवर तो निघाला होता. तासभर उशिरा.

मोम्मे चुकला नव्हता.

"आई," फोनवर इंकेनचा आवाज बदलला होता. "बाबांचं मनगटावरचं घड्याळसुद्धा तसंच होतं ना? मग त्या दिवशी ते निघाले कशावरून? तो जुना तक्ता तर मी..."

गेशेला पुढचं सगळं दिसलं. आणखी दोन वाक्यांत पोरगी तिथे पोचली असती आणि उभ्या जन्मात परत आली नसती.

"मी गेले होते," गेशे म्हणाली.

"काय?"

"परत गाळात. रोज जात होते. फोटो मी नंतर काढले, वेळा बदलून. तुला फसवायला." तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता. "तुझे बाबा भेटतील म्हणून जाते मी. डोकं ठिकाणावर नाही माझं. तू म्हणतेस तेच खरं. बुधवारी ये, मी सामान बांधून ठेवते."

इंकेन रडायला लागली. रडताना माणूस हिशोब करत नाही. गेशेला तेच हवं होतं.

फोन ठेवून तिनं कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि शेगडीत घातलं. सीलचं पिल्लू सगळ्यात शेवटी जळलं.

५

मंगळवारी ती शेवटचं चालून आली. आभाळ गाळासारखंच करडं होतं. प्रत्येक जुडीपाशी ती थांबली, काटक्यांना हात लावला. मोठ्या चरापाशी पाणी तळाला स्वस्थ पडलं होतं. त्यात तिला तिचंच तोंड दिसलं.

घरी येऊन तिनं कोट खुंटीला लावला. यंत्र बंद केलं नाही. दोन बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. नोम्मेननं मेंढ्या आदल्या दिवशीच नेल्या होत्या, त्यामुळे आता दारापाशी अंग घासायला काही नव्हतं. ती स्वयंपाकघरात, बोळाकडे तोंड करून बसली. चहा केला. साखर तडकली.

उद्यापासून हे घर बंद. गेशेला आपल्या जाण्याचं जेवढं वाईट वाटत नव्हतं तेवढं याचं वाटत होतं, की तो येईल आणि आत कोणी नसेल. दोन वर्षं ती एकटी होती. तो किती एकटा असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

बाहेर पक्ष्यांचा कलकलाट होता, तो थांबला. भरती गवतात शिरली की ते उडून जातात. मग कपातला चहा निवेपर्यंत काहीच झालं नाही. मग फाटकाची कडी वाजली.

लोखंडी पट्टीवर बूट घासला गेला. आधी डावा, मग उजवा, मग खात्री करायला पुन्हा डावा. सगळ्या जगात एकच माणूस असं करायचा.

दार उघडलं नाही. पण बोळातली हवा गार झाली आणि गाळाचा वास आला. विटांच्या फरशीवर पाणी ठिबकायला लागलं. गेशेनं नजर खालीच ठेवली. कोटाच्या काठाखाली विटांवर ओल पसरत होती आणि खिशात यंत्राचा हिरवा दिवा मेणकापडातून अंधुक दिसत होता.

"मोम्मे," ती म्हणाली. "तू चुकला नव्हतास. कॅलेंडरात उन्हाळी वेळ होती. आपल्याला कोणालाच कळलं नाही."

ठिबकणं थांबलं.

मग एक शब्द आला. दुरून, पाण्यातून आल्यासारखा, पण सूर ओळखीचा. फाटक उघडं कोणी टाकलं, हे विचारताना असायचा तोच.

"कोणी?"

गेशेला हूझुमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर आठवलं. इंकेनची स्वयंपाकघराची खिडकी, तिच्या मुलीचा छोटा रेनकोट, दाराआतल्या खुंट्या. हूझुमपर्यंतही काटक्या रोवलेल्याच होत्या.

"मी," ती म्हणाली. "मी लावलं होतं ते कॅलेंडर."

तिनं मान वर केली. खुंटी रिकामी होती. कोट बोळाच्या मधोमध होता, खांद्यांशी उचलून दोन्ही बाजूंनी उघडा धरलेला, तिनं पाठ करून हात घालावेत म्हणून. लग्नापासून रोज सकाळी तो असाच धरायचा. कोटाच्या मागे काय होतं, तिकडे तिनं पाहिलं नाही.

गेशे उठली. चहाचा कप धुऊन पालथा ठेवला. बोळात जाऊन वळली आणि पाठ केली. बाहेर पाणी उंचवट्याच्या पायाशी आलं होतं. तिनं एक हात बाहीत घातला.

बाही काठापासून निथळत होती, आणि आतून ऊबदार होती.